तेनोचतित्लान, कोर्तेसच्या नजरेतून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अझ्टेकांच्या राजधानीचं, डोळ्यांनी पाहून लिहिलेलं पहिलं मोठं वर्णन आपल्याला मिळतं ते ती जिंकायला गेलेल्या माणसाकडून. एर्नान कोर्तेसने स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याला पाठवलेलं हे दुसरं पत्र, तारीख ३० ऑक्टोबर १५२०. मेक्सिकोच्या इतिहासावर काहीही वाचायला घेतलं की या पत्रातला एखादा उतारा समोर येतोच आणि पाठोपाठ ठरावीक शंकाही येतात. त्या शंकांची ही उत्तरं.

कोर्तेस कोण होता? राजाने पाठवलेला सेनापती का?

नाही, आणि पत्र वाचताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं. कोर्तेस स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातल्या मेदेयीन गावचा, जन्म १४८५ च्या सुमाराचा. १५०४ साली तो कॅरिबियन बेटांवर आला आणि तिथे काही काळ त्याने दस्तऐवज लिहिणाऱ्या नोटरीचं काम केलं. हा लेखणीचा सराव त्याला जन्मभर पुरला. क्युबाचा गव्हर्नर दिएगो वेलास्केस याने त्याला किनाऱ्याची टेहळणी आणि व्यापार एवढ्यासाठीच नेमलं होतं, आणि पुढे विश्वास उडाल्यावर ती नेमणूकही रद्द केली. कोर्तेस त्याआधीच जहाजं घेऊन सटकला. फेब्रुवारी १५१९ मध्ये निघाला तेव्हा त्याच्याकडे ११ जहाजं, सुमारे ५०० शिपाई आणि १६ घोडे होते.

म्हणजे कायद्याच्या भाषेत तो बंडखोर. वेलास्केसला वळसा घालून थेट राजाची मर्जी मिळाली तरच मान वाचणार होती. त्यामुळे हे पत्र प्रवासवर्णन आहे तेवढाच एक लांबलचक अर्जही आहे. सुरुवातीलाच तो चार्ल्सला सांगतो की जर्मनीच्या सम्राटपदाइतक्याच मानाने तुम्ही या नव्या भूमीचेही सम्राट म्हणवून घेऊ शकता. चार्ल्स नुकताच, १५१९ मध्ये, सम्राट म्हणून निवडून आला होता. कुठे काय बोलायचं हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

‘अझ्टेक’ म्हणायचं की ‘मेशिका’?

ते लोक स्वतःला मेशिका म्हणत. त्यावरूनच मेक्सिको. ‘अझ्टेक’ हे नाव खूप नंतर, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रुळलं. कोर्तेसच्या पत्रात ते नाही. शहराचं नावसुद्धा तो ‘तेमिश्तितान’ असं कानाला जमेल तसं लिहितो.

पत्र लिहिताना तो त्या शहरात राहत होता का?

नव्हता. हीच या पत्रातली सगळ्यात मोठी गंमत म्हणा किंवा लबाडी म्हणा.

घटनाक्रम असा. ८ नोव्हेंबर १५१९ ला तो तेनोचतित्लानमध्ये शिरला. मेशिकांचा राजा मोक्तेसुमा स्वतः सामोरा आला आणि त्याने पाहुण्यांना आपल्या वडिलांच्या, आशायाकात्लच्या, वाड्यात उतरवलं. आठवड्याभरात कोर्तेसने यजमानालाच नजरकैदेत टाकलं. पुढच्या वसंतात वेलास्केसने त्याला पकडायला पान्फिलो दे नार्वाएसच्या हाताखाली फौज पाठवली. तिचा समाचार घ्यायला कोर्तेस किनाऱ्यावर गेला आणि मागे राहिलेल्या पेद्रो दे आल्वारादोने तोश्काट्लच्या उत्सवात नाचणाऱ्या नि:शस्त्र सरदारांची कत्तल केली. शहर पेटलं. मोक्तेसुमा मारला गेला (कोणाच्या हातून, यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात) आणि ३० जून १५२० च्या रात्री स्पॅनिश लोकांना तळ्यातल्या बांधावरून मार खात पळावं लागलं. शेकडो मेले आणि लुटीतलं बरंच सोनं तळ्यात गेलं. स्पॅनिश इतिहासात त्या रात्रीला ‘नोचे त्रिस्ते’, म्हणजे दु:खाची रात्र, म्हणतात.

बरोबर चार महिन्यांनी, तेपेआका इथल्या तळावर बसून, कोर्तेस लिहितो की शहर असं आहे, बाजार असा भरतो, लोक असे राहतात. सगळं वर्तमानकाळात. जणू खिडकीतून पाहतोय! हातातून गेलेली गोष्ट तो राजाला आपल्या खात्यावर जमा दाखवतो आहे. पराभवही पत्रात सांगितला आहे, पण त्याआधी शहराचं वैभव इतकं मनात भरवलेलं असतं की ‘हे पुन्हा मिळवायलाच हवं’ असं वाचणाऱ्यालाच वाटावं.

शहर खरोखर किती मोठं होतं?

कोर्तेस म्हणतो, सेव्हिल किंवा कोर्दोबाएवढं. खाऱ्या तळ्यात वसलेलं, मुख्य भूमीपासून दोन लीग (अंतराचं जुनं युरोपीय माप) आत. शिरायच्या चार वाटा, माणसांनी बांध घालून केलेल्या, दोन भाल्यांएवढ्या रुंद. मुख्य रस्ते सरळ आणि प्रशस्त, काही पूर्ण जमिनीचे, पण पुष्कळसे अर्धे जमीन आणि अर्धं पाणी, त्या पाण्यातून होड्या चाललेल्या. अधेमधे रस्ता तोडून पाण्याला वाट दिलेली आणि वर मोठमोठ्या तुळयांचे पूल. काही पुलांवरून दहा घोडेस्वार शेजारीशेजारी जातील, असं तो नोंदवतो आणि लगेच पुढे म्हणतो की हे पूल काढून घेतले तर आपण आत उपाशी मरू, म्हणून मी घाईने चार गलबतं बांधून घेतली. कौतुकाच्या वाक्याला असं लष्करी शेपूट त्याच्याकडे पुष्कळदा असतं.

लोकसंख्येचे आजचे अंदाज ५० हजारांपासून २ लाखांच्या वरपर्यंत पसरलेले आहेत. धाकटा आकडा धरला तरी त्या काळच्या स्पेनमधल्या मोठ्या शहरांच्या पंक्तीत ते बसतं.

बाजाराचं वर्णन एवढं का गाजलं?

कारण तिथे कोर्तेस राजाला खूश करायचं जवळजवळ विसरतो आणि नुसता बघत राहतो.

हा त्लातेलोल्कोचा बाजार, राजधानीला उत्तरेकडून चिकटलेल्या जुळ्या शहरातला. सालामांकाच्या चौकाच्या दुप्पट, भोवती ओवऱ्या, आणि रोज ६० हजारांहून जास्त माणसं विकणारी-घेणारी. आकडा फुगवलेला असू शकतो. यादी मात्र फुगवून सुचत नाही, ती पाहिलेलीच असावी लागते. सोन्याचांदीचे दागिने, रत्नं, शिंपले, पिसं. चुना, घडीव-अनघड दगड, विटा, इमारती लाकूड. पक्ष्यांची वेगळी गल्ली: लावे, तितर, रानबदकं, आणि शिकारी पक्ष्यांची पिसांसकट कातडी. ससे, हरणं, आणि खाण्यासाठी खच्ची करून पोसलेली लहान कुत्री. झाडपाल्याच्या औषधांची एक अख्खी गल्ली, आणि तयार काढे, मलमं, लेप विकणारी दुकानं. डोकं धुऊन हजामत करून देणारे न्हावी. पैसे मोजून खायची-प्यायची ठिकाणं. लाकडं, कोळसा, मातीच्या शेगड्या, निजायच्या-बसायच्या चटया. मध, मेण, मक्याच्या ताटांचा गोड पाक, मागेय नावाच्या घायपातीच्या भावंडाचा पाक आणि त्याचीच दारू. रंगारंगांच्या सुती लडी, ज्या पाहून त्याला ग्रानादाचा रेशीमबाजार आठवतो, फक्त इथे माल कितीतरी जास्त. चित्रकारांचे रंग. झिलई दिलेली मातीची भांडी. मका, दाण्यांचा आणि भाकरीचाही.

प्रत्येक मालाची गल्ली ठरलेली, सरमिसळ नाही. सगळं नगावर किंवा मापाने विकतात, तराजू मला अजून कुठे दिसला नाही, असं तो म्हणतो. आणि मग माझा सर्वांत आवडता तपशील येतो. चौकातल्या एका मोठ्या इमारतीत दहा-बारा न्यायाधीश कायम बसलेले, बाजारातले तंटे जागच्या जागी सोडवणारे. शिवाय फिरते तपासनीस, जे विक्रेत्यांची मापं पाहतात, आणि खोटं माप सापडलं की तिथेच फोडून टाकतात. हे एखादं माप फुटताना त्याने स्वतः पाहिलं असणार, कारण ‘काही मापं फोडलेली दिसली’ असं तो सांगतो. पायलीत हात मारणारा दुकानदार आणि त्याला पकडणारा सरकारी माणूस ही जोडी जगभर सारखीच!

त्याच्या यादीत कांदा-लसूण आहे. तिथे आधीपासून होता का?

आपण खातो तो नव्हता. तो युरोपीय लोकांनीच नंतर नेला. त्या भागात कांद्याच्या जातीच्या काही रानवनस्पती होत्या, आणि कोर्तेसने दिसेल त्याला गावाकडचं नाव देऊन टाकलं. त्याच्या ‘कोंबड्या’ म्हणजे बहुतेक ठिकाणी टर्की, त्याचे ‘सिंह’ म्हणजे प्युमा आणि ‘वाघ’ म्हणजे जॅग्वार. वाचताना मनातल्या मनात एवढा अनुवाद करत जावा.

नाणी नसताना व्यवहार कसा चाले?

अदलाबदल, आणि त्यात उरलंसुरलं फेडायला कोकोच्या बिया. कोर्तेस त्यांना बदामासारखं फळ म्हणतो. दळून विकतात, आणि त्याची एवढी किंमत की देशभर पैसा म्हणून चालतं, असं तो लिहितो. सुती कापडाचे तागेही मोठ्या व्यवहारात चालत.

तो देवळांना ‘मशिदी’ का म्हणतो?

मूळ स्पॅनिशमध्ये शब्द खरोखर ‘मेस्कीता’ असाच आहे. ग्रानादाचं मुस्लिम राज्य १४९२ मध्ये पडलं, म्हणजे कोर्तेस तेव्हा सहा-सात वर्षांचा. त्याच्या पिढीच्या स्पॅनिश माणसासाठी जग चर्च आणि मशीद एवढ्यात वाटलेलं होतं. जे चर्च नाही ते मशीद. मुख्य देवळाचा मनोरा सेव्हिलच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याहून उंच, असंही तो म्हणतो, आणि तो सेव्हिलचा मनोरा मुळात मशिदीचाच मिनार होता.

आपल्याकडे याची उलटी आवृत्ती घडली आहे. १४९८ मध्ये वास्को द गामाची माणसं कालिकतला उतरली, तिथल्या हिंदूंना त्यांनी ख्रिश्चन समजलं आणि देवळात जाऊन चर्च म्हणून प्रार्थना केली.

देवळांबद्दल तो आणखी सांगतो: आवार एवढं मोठं की आत ५०० घरांचं गाव बसावं, चाळीसेक उंच मनोरे, दगडी-लाकडी काम असं की याहून चांगलं कुठे होत नसेल. पुजारी काळे कपडे घालतात, केस कधी कापत नाहीत, विंचरत नाहीत.

मूर्ती त्याने खरंच फोडल्या का?

पत्रात तो म्हणतो, मुख्य मूर्ती मी आसनांवरून खेचून पायऱ्यांवरून खाली लोटल्या, गाभारे धुऊन घेतले आणि तिथे मेरीची प्रतिमा बसवली. मोहिमेतला शिपाई बेर्नाल दियास अनेक वर्षांनी वेगळं सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बरीच बोलणी होऊन देवळावर वेदी आणि क्रूस ठेवायला जागा मिळाली, मेशिकांचे देव होते तिथेच राहिले. मला दियासचं खरं वाटतं. मूठभर माणसांनी लाखभर वस्तीच्या शहराचे देव भरदिवसा ढकलून दिले असते, तर दु:खाची रात्र कितीतरी आधी आली असती. राजाला मात्र पहिलीच गोष्ट ऐकायला आवडणार होती.

नरबळीचं काय? ती स्पॅनिशांनी रचलेली कथा का?

नाही. कोर्तेस लिहितो की मूर्ती दळलेल्या बियाधान्यांच्या पिठाच्या असतात आणि ते पीठ माणसांच्या काळजातल्या रक्तात मळलेलं असतं. विजेत्यांनी आकडे फुगवले, आपली हिंसा झाकायला या प्रथेचा पुरेपूर वापर केला, हे खरं. पण प्रथा होती. २०१५ मध्ये मेक्सिको सिटीच्या मध्यभागी पुरातत्त्वज्ञांना कवट्या रचलेल्या मोठ्या चौथऱ्याचे अवशेष सापडले आणि पुढच्या उत्खननात शेकडो कवट्या निघाल्या, त्यांत बायकांच्या आणि मुलांच्याही. वाटेवरच्या चोलुला शहरात स्पॅनिशांनी आणि त्यांच्या त्लाश्कालातेक दोस्तांनी, म्हणजे मेशिकांच्या जुन्या वैऱ्यांनी, काही तासांत हजारो लोक कापले, हेही याच पत्रात आहे, आणि ते सांगताना कोर्तेसचा हात जराही थरथरत नाही.

मोक्तेसुमा कसा राहत असे?

दिवसातून चार वेळा कपडे बदलायचा, दर वेळी नवे, एकदा अंगाला लागलेले पुन्हा नाही. सरदारसुद्धा त्याच्यासमोर अनवाणी येत आणि तोंडाकडे न पाहता बोलत. जेवण तीन-चारशे तरुण पोरं घेऊन येत आणि थाळे निवू नयेत म्हणून खाली निखाऱ्यांच्या शेगड्या. जेवणाआधी-नंतर हात धुवायचे, आणि ज्या पंचाला हात पुसले तो परत वापरायचा नाही.

कोर्तेसला खरी भुरळ पडली ती पक्षिशाळेची. पाणपक्ष्यांसाठी दहा तळी. समुद्राच्या पक्ष्यांना खारं पाणी, नदीच्यांना गोडं, आणि पाणी ठरावीक काळाने काढून तळी स्वच्छ करायची सोय. जो पक्षी रानात जे खातो तेच त्याला इथे: मासे, किडे, मका. राबायला ३०० माणसं, आणि त्यांशिवाय फक्त आजारी पक्ष्यांवर उपचार करणारे वेगळे. युरोपात तेव्हा असं काही नव्हतं. या वाड्यांना तोड देणारं स्पेनमध्ये काही नाही असं तो स्पेनच्याच राजाला लिहितो, हे धाडसच म्हणायचं.

मोक्तेसुमाने कोर्तेसला देव मानलं होतं ना?

शाळेच्या पुस्तकांपासून व्हिडिओंपर्यंत सगळीकडे हे सापडतं: गोऱ्या दाढीवाल्या देवाची, केत्साल्कोआत्लची, भविष्यवाणी. पत्रात त्या देवाचं नावही नाही. आहे ते असं की मोक्तेसुमा आपल्या पूर्वजांना इथे आणणाऱ्या एका राजाची कथा सांगतो, तो परत गेला, त्याचे वंशज येतील असं आम्ही मानत आलो, तेव्हा तुमचा राजा तोच असावा. पुढे तो कपडे वर करून अंग दाखवतो: पाहा, मी देव आहे असं तुम्हाला सांगितलं असेल, पण मी तुमच्यासारखाच हाडामांसाचा आहे.

हे भाषण कोर्तेसला किती सोयीचं आहे पाहा. राज्य आपणहून सोपवलं म्हटलं की नंतरचा प्रतिकार आपोआप ‘बंड’ ठरतो, आणि बंड मोडणं कायदेशीर. नोटरीची लेखणी इथे दिसते. बहुतेक इतिहासकार ही शरणागती खरी मानत नाहीत. देवाची गोष्ट काही दशकांनंतर लिहिलेल्या वृत्तांतांतून वाढत गेली.

दोघं बोलले कोणत्या भाषेत?

मेशिकांच्या नावाट्लमधून माया भाषेत आणि मायातून स्पॅनिशमध्ये. पहिली कडी मालिन्त्सिन, जिला स्पॅनिश लोक दोन्या मारिना म्हणत. दुसरी कडी हेरोनिमो दे आगिलार, जहाज फुटून आठ वर्षं माया लोकांत अडकलेला स्पॅनिश माणूस. पुढे मालिन्त्सिन स्पॅनिशही शिकली. जिच्याशिवाय एक वाक्य पुढे सरकलं नसतं, तिचा या पत्रातला उल्लेख ‘माझी जीभ, इथलीच एक इंडियन बाई’ एवढाच. नावाने ती येते थेट पाचव्या पत्रात.

लोकांविषयी त्याचं मत काय होतं?

एका वाक्यात सांगायचं तर: हे लोक जवळजवळ स्पेनसारखेच राहतात, तितक्याच शिस्तीने आणि व्यवस्थेने, आणि रानटी असून, देवाच्या ज्ञानापासून इतके दूर असून त्यांनी जे साधलंय ते पाहून आश्चर्य वाटतं. कौतुक आणि तुच्छता एकाच दमात. त्याच सुमारास विजयनगरला आलेला पोर्तुगीज दोमिंगो पाइश त्या शहराची बरोबरी रोमशी करतो. पण पाइश पाहून परत गेला. कोर्तेस परत आला तो तोफा घेऊन.

युरोपात पत्राचं काय झालं?

नोव्हेंबर १५२२ मध्ये सेव्हिलला याकोबो क्रोम्बेर्गरने ते छापलं. १५२४ मध्ये न्यूरेंबर्गला लॅटिन भाषांतर निघालं, सोबत तळ्यातल्या गोल शहराचा लाकडी ठशाचा नकाशा. मधोमध देवळाचं आवार, बाजूला मोक्तेसुमाचे बाग आणि प्राणी. त्याआधीच, ऑगस्ट १५२० मध्ये, चित्रकार आल्ब्रेश्त ड्यूररने ब्रसेल्सला मेक्सिकोहून आलेल्या वस्तू पाहिल्या होत्या आणि आयुष्यात मनाला इतकं सुखावणारं काही पाहिलं नाही असं रोजनिशीत लिहिलं होतं. सोनाराच्या घरात वाढलेला माणूस तो. १५२७ मध्ये मात्र स्पेनच्या दरबाराने कोर्तेसची पत्रं छापायला बंदी घातली, कारण त्याचं नाव फार मोठं होत चाललं होतं आणि त्याचे शत्रूही स्वस्थ बसले नव्हते.

आपल्या स्वयंपाकघरात या शहरातलं काही आहे का?

मिरची, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ हे सगळं अमेरिकेतून आलं, आणि आपल्याकडे आणण्यात पोर्तुगीजांचा, म्हणजे गोव्याचा, मोठा हात. शब्दांतही उरलंय. टोमॅटो मूळ नावाट्ल ‘तोमात्ल’. चिकू हे नावही स्पॅनिशमार्गे नावाट्लपर्यंत पोचतं. डहाणू-घोलवडच्या बागाईतदाराला हे सांगून पाहा.

शेवटी त्या शहराचं काय झालं?

१५२० च्या शरद ऋतूत देवीच्या रोगाची साथ आली आणि शहर आतून पोखरलं. नवा राजा क्विट्लाहुआक त्यातच गेला. मे १५२१ मध्ये कोर्तेस १३ लढाऊ गलबतं आणि हजारो त्लाश्कालातेक योद्धे घेऊन परतला. १३ ऑगस्ट १५२१ ला शेवटचा राजा क्वाउतेमोक पकडला गेला. वेढ्यात गल्ल्यांतून पुढे सरकता येईना, तेव्हा कोर्तेसने दोन्ही बाजूंची घरं पाडत, कालवे बुजवत जायचं ठरवलं. तिसऱ्या पत्रात तो लिहितो की मला वाईट वाटलं, कारण ती जगातली सर्वांत सुंदर गोष्ट होती. पाडणं थांबलं नाही.

दुसऱ्या पत्रात चापुल्तेपेकच्या टेकडीहून बांधावरून येणाऱ्या पाण्याच्या सोयीवर एक परिच्छेद आहे. चुनेगच्चीचे दोन पाट, प्रत्येक दोन पावलं रुंद. एकातून माणसाच्या अंगाएवढ्या जाडीचं गोड पाणी शहरात येतं आणि दुसरा रिकामा, पहिला साफ करायला काढला की वापरायचा. हे दोन पाटांचं डोकं त्याला फार आवडलं होतं. वेढा सुरू होताच त्याच्या माणसांनी पहिल्यांदा जाऊन तोडली ती हीच पाण्याची वाट.